फुंकणीचं तोंड

१ ऑक्टोबर २००७, सोमवार. टोकावडे.

आले एकदाची. शहापूरहून मुरबाड, मुरबाडहून माळशेजकडची एसटी, आणि टोकावड्याच्या फाट्यावरून पुढचं दोन किलोमीटर एका टेम्पोत, रिकाम्या बारदानांवर बसून. टेम्पोवाल्याने विचारलं, शाळेवर का? म्हटलं, नाही, डेटा सेंटरवर. तो म्हणाला, म्हणजे फॅक्टरीवर. मी वाद घातला नाही. बाहेरून ती तशीच दिसते. डोंगराच्या पोटाला टेकून बांधलेली लांबलचक पांढरी शेड, खिडकी एकही नाही, बाजूला दोन जनरेटर.

आत चाळीस कपाटं, प्रत्येकात कॉम्प्युटर एकावर एक रचलेले. दोन वर्षांपूर्वी सव्वीस जुलैच्या पुरात मुंबईतली तळघरं बुडाली, तेव्हा आमच्या कंपनीला साक्षात्कार झाला की सगळ्या माहितीची एक प्रत डोंगरात ठेवलेली बरी. माझं काम या कपाटांना गार ठेवायचं, आणि तेही कमी विजेत. सध्या यंत्रं जेवढी वीज खातात त्याहून जास्त त्यांना गार ठेवणारे एसी खातात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. त्यात इथे रोज आठ-दहा तास भारनियमन, म्हणजे तो मसालाही डिझेलवर वाटायचा.

दळवी साहेब, म्हणजे मुंबई ऑफिसातले आमचे मोठे साहेब, फोनवर म्हणाले की इथे तीन महिन्यांवर कोणी टिकत नाही, आणि बाईमाणूस तर... पुढचं त्यांनी गिळलं. मी मनात म्हटलं, बघू. बौद्धवाड्यातून डिप्लोमा केलेली मी पहिली मुलगी. ठाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये पाच वर्षं काढून आलेय. संघरत्नाला टिकायला कोणी शिकवू नये.

टोकावड्यात खोली मिळाली आहे. खिडकीतून पिकलेलं भात दिसतं. मला फार छान वाटतंय, आणि ते लिहून ठेवायला काय हरकत आहे?

४ ऑक्टोबर, गुरुवार.

चार दिवस नुसती मोजतेय. बाबा रेल्वेत गँगमन होते, त्यांचं एकच सांगणं: घाबरायला झालं तर मोजायला लाग. मला घाबरायला झालेलं नाही, पण सवय चांगली आहे.

आकडा २.३ आहे. म्हणजे यंत्रांना एक युनिट लागलं की शेडला एकूण २.३ लागतात. हा आकडा एकच्या जितका जवळ तितकं बरं.

दोष सापडायला अर्धा दिवसही लागला नाही. सगळ्या रांगांची तोंडं एकाच बाजूला आहेत. पहिल्या रांगेने पाठीमागून सोडलेली ऊन हवा दुसरी रांग नाकाने घेते, दुसरीची तिसरी. पंगत समोरासमोर बसवायची असते हे ज्याने कपाटं लावली त्याला कोणी सांगितलं नसावं. तोंडासमोर तोंड, पाठीला पाठ. मधल्या गल्लीत गार हवा सोडायची आणि पाठीमागची ऊन हवा वेगळ्या वाटेने काढायची. एवढं साधं आहे.

हवा कुठून कुठे जाते ते बघायला हातात लोकरीचा धागा धरून फिरते. उदबत्ती लावली असती तर धूर चांगला दिसला असता, पण छतात धूर ओळखणारी यंत्रं आहेत. गजर होऊन आग विझवणारा वायू सुटेल आणि सगळी शेड बंद पडेल.

धागा धरून फिरताना भिमी मला हसते. भिमी म्हणजे इथे झाडू-फरशी करणारी, वरच्या वाडीतली, वॉचमन कमळूची बायको. मला विचारलं, इंजिनेर ताई, दोर्‍याला पतंग कवा बांधनार?

१३ ऑक्टोबर, शनिवार.

पंगत बसवली. एका वेळी दोन कपाटं बंद करायची, फिरवायची, चालू करायची. मुरबाडच्या सुताराकडून प्लायवूड आणून रिकाम्या खणांना फळ्या मारल्या. गल्लीच्या दोन्ही टोकांना कोल्ड स्टोरेजमध्ये असतात तसे प्लॅस्टिकचे पट्टीचे पडदे. फरशीतली भोकं बुजवली. एसी अठरावर होते ते चोविसावर नेले, आणि एकाही यंत्राने तक्रार केली नाही.

आकडा १.६. दळवी साहेबांचा फोन आला, आवाजात साखर. मी साखर कमी खाते, पण आज खाल्ली.

भिमीने तांदळाच्या भाकरी आणि करटुल्यांची भाजी आणली. दोघी बाहेर पायरीवर बसून जेवलो. ती बोलते भरपूर आणि ऐकतेही. इथे माझं माणूस म्हणावं असं तीच आहे.

२२ ऑक्टोबर, सोमवार.

आज गंमत झाली. शेडच्या मागच्या भिंतीला कोपर्‍यात एक लोखंडी पत्रा ठोकलेला आहे. बाहेर चौतीस डिग्री, ऑक्टोबरचं ऊन डोक्यात जातंय, आणि त्या पत्र्याच्या फटीतून गार वारा! कमळूकडून पत्रा काढून घेतला. मागे डोंगरात एक तोंड आहे, बसलेल्या माणसाएवढं उंच. आत अंधार आणि सारखा येणारा वारा. मोजलं, एकवीस डिग्री. सकाळी, दुपारी, संध्याकाळी एकवीसच.

भिमी म्हणाली, ही फुंकणी. वाडीचे लोक हिला फुंकणीच म्हणतात. शिमग्यापासून दिवाळीपर्यंत ती अशी फुंकते. थंडी पडली की उलटी होते.

उलटी होते याचंही कारण मला ठाऊक आहे. डोंगराच्या पोटात भेगा असणार, वर माथ्याला दुसरं तोंड असणार. उन्हाळ्यात आतली गार हवा जड म्हणून खाली सांडते, हिवाळ्यात आतली हवा बाहेरच्यापेक्षा ऊन म्हणून वर चढते आणि खालून ओढते. धुराड्याचा नियम. भिमीला जमिनीवर चित्र काढून समजावलं. तिने नीट पाहिलं आणि म्हणाली, असंल बी.

माझ्या डोक्यात मात्र दिवा पेटला. आयता, फुकट, एकवीस डिग्रीचा वारा!

६ नोव्हेंबर, मंगळवार.

फुंकणी जोडली. तोंडापासून हॉलपर्यंत पत्र्याचा चौकोनी बोगदा, मध्ये झडप. बोगद्याच्या पायाला दगड हवा होता. तोंडाशेजारी एक मोठा गोल घडवलेला धोंडा पडला होता, तोच फोडायला सांगितला. कमळूने घण घ्यायला नाही म्हटलं. हात दुखतो म्हणाला. मग टेम्पोवाल्याने फोडला.

दोन एसी बंद. आकडा १.३. दळवी साहेबांनी मोठ्या मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं म्हणे. दिवाळीला घरी जाईन तेव्हा बाबांना सांगेन.

१९ नोव्हेंबर, सोमवार.

सकाळी नऊ वाजता वाडीतल्या बारा-तेरा बायका गेटवर. पुढे सकुबाई, भिमीची सासू. प्रत्येकीच्या हातात खापरी आणि खापरीत चुलीतले निखारे. म्हणाल्या, आज चुलीचा धूर डोंगराकडे वळला. फुंकणी उलटी झाली. आता प्रत्येक घरचा विस्तव तिच्या तोंडाशी ठेवायचा, ती तो ओढून काळा करते, मग धोंडा लावून शेणामातीने लिंपायचं. शिमग्याला उघडायचं. दर साली असंच चालतं.

मी नाही म्हटलं. चिडून नाही, नीट समजावून. निखार्‍यांचा धूर बोगद्यातून आत आला की गजर होणार, वायू सुटणार. पलीकडे डिझेलची टाकी. माझ्या जबाबदारीवर मी विस्तव आत घेऊ शकत नाही. सगळ्यांना चहा दिला. सकुबाई चहाला शिवल्या नाहीत. म्हणाल्या, "पोरी, तिला ऊब द्याया लागते. नाय दिली तर ती आपली आपन घेते."

मी हसून सांगितलं की उबेची चिंता नको. माझी चाळीस कपाटं रात्रंदिवस ऊन हवा टाकतात. आता फुंकणी ओढणार असेल तर ती सगळी तिलाच देते. वर्षाचा नाही, रोजचा नैवेद्य.

त्या गेल्या. जाताना धोंड्याच्या जागी पडलेली कपची सकुबाईंनी उचलली, बघितली, आणि परत ठेवली.

आमच्या घरात नवस नाही, अंगारा नाही, देवऋषी नाही. मला वाईट वाटलं ते त्यांना परत पाठवल्याचं. नियमाचं नाही.

२६ नोव्हेंबर, सोमवार.

ठरल्याप्रमाणे वारा आता पुरता उलटला. मी बोगद्याची दिशा बदलली. ऊन गल्लीतली सगळी हवा आता फुंकणी ओढते, गार गल्लीत बाहेरची थंड हवा येते. चारही एसी बंद. आकडा १.०५.

पुन्हा लिहिते, १.०५. दळवी साहेबांना आधी खरं वाटेना. सव्वीस डिसेंबरला ते मोठी माणसं घेऊन हे बघायला येणार आहेत. माझा फोटो छापायचा म्हणतायत.

भिमीला बोगद्याच्या तोंडाशी रोज झाडायला लागतं, तिथे ओढीने आलेली माती साठते. म्हणाली, हितं पायाला लय गार लागतं ताई. तिला माझे मोजे दिले.

३ डिसेंबर, सोमवार.

एक गोष्ट घडली. आहे तशी लिहिते.

सकाळी अकराला चहाचा कप बोगद्यापाशी टेबलावर विसरले. बाराला परत आले. कप हातात घेतला आणि दचकले. थर्मामीटर बुडवला तर नऊ डिग्री.

हॉलमध्ये बावीस डिग्री होते. टेबलावर बावीस. टेबलाला थर्मामीटर टेकवला, बावीस. कपातला चहा नऊ.

गरम चहा खोलीत ठेवला की निवतो, खोलीएवढा होतो आणि थांबतो. खोलीपेक्षा गार होत नाही. हे दहावीच्या पोराला कळतं. थर्मामीटर बदलला. नऊ. दुसरा कप ठेवला आणि समोर बसून राहिले. बावीसला थांबायला हवा होता तो थांबला नाही. एकवीस, वीस, एकोणीस. मी बसल्या जागी बघत होते.

शेजारी मुद्दाम साधं माठातलं पाणी ठेवलं होतं. ते बावीसच राहिलं. जे तापवलेलं होतं तेवढंच गेलं.

नियम मोडत नाहीत. माझं मोजणं कुठे तरी चुकतंय. चूक काढेन.

९ डिसेंबर, रविवार.

चूक निघाली नाही.

आज भिमीच्या हाताला हात लागला. हात नव्हे, फ्रीजमधली बाटली. ताप नाही, थरथर नाही, हसतेय. म्हणाली, काय नाय ओ, सकाळपासून जरा गार वाटतं. उन्हात बसवलं, कांबळं दिलं. दुपारी दोनचं ऊन, दगड तापलेले, आणि मधे बसलेली ती तशीच.

हॉलमधला थर्मामीटर तिच्या काखेत लावला. ३४.८.

१२ डिसेंबर, बुधवार.

भिमीला मुरबाडच्या दवाखान्यात नेलं. कमळू आणि मी. कालपासून जरा बरी आहे, तरी माझ्या थर्मामीटरवर ३४.९. डॉक्टर भले होते, सगळं तपासलं, रक्त काढलं. त्यांचा पार्‍याचा थर्मामीटर पस्तीसच्या खाली दाखवतच नाही, म्हणून त्यांना तो बिघडलेला वाटला. माझा दाखवला. त्यांनी शेकायला सांगितलं, आठ दिवसांनी बोलावलं.

एसटीत कमळू खिडकीबाहेर बघत म्हणाला की तो नोकरी सोडतो, भिमीला घरी बसवतो. मी म्हटलं, बसव. त्याने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

१६ डिसेंबर, रविवार.

भिमी तीन दिवस वाडीत घरी आहे. शेडपासून दीड किलोमीटर वर, चढणीला. आज सकाळी कमळू धावत आला. ३३.९. चुलीपाशी बसलेली असताना.

म्हणजे लांब ठेवून उपयोग नाही.

मी रजिस्टर काढून बसले. नऊ तारखेला रविवार, आज रविवार. रविवारी मुंबईची ऑफिसं बंद, आमची यंत्रं निम्म्याने रिकामी, निम्मी ऊब. सोमवारी कामं सुरू झाली की भिमी सावरते. गेल्या गुरुवारी मुंबईकडून येणारी एक लाइन दोन तास बंद होती, बरीच यंत्रं रिकामी. भिमीला विचारलं तर म्हणाली, गुरुवारी दुपारी जरा गार झालेलं.

यंत्रांची ऊब कमी पडली की उरलेली ती हिच्यातून भरून काढते. कोण भरून काढते हे वाक्य मी लिहिणार नव्हते. लिहिलं.

झडप बंद करायला गेले. लागते. पण लागली की पाच मिनिटांत पत्रा आत चेपतो आणि कडेने फाटतो. तीनदा केलं. कमळू वरून ओरडत आला, बंद करू नका, ती आनखी गार होते.

१९ डिसेंबर, बुधवार.

सकुबाईंच्या दारात गेले. भिमी आत झोपलेली, बरी आहे. मी सरळ सांगितलं, चुकले. धोंडा मी फोडला, विस्तव मी परत पाठवला, तोंड उघडं मी ठेवलं. आणि हेही सांगितलं की मी तिला देव मानणार नाही, हात जोडणार नाही.

सकुबाई म्हणाल्या, "देव कोन म्हनतं तिला? देवाला नारळ चालतो. ही नुसती भूक हाय." मग म्हणाल्या, आमी तिला सालातनं एकदा घास द्यायचो नि दार लावायचो. तू रोज ताट वाढलंस. दारात आलेल्या कुत्र्याला रोज भाकरी टाकली तर तो दार सोडतो का?

याहून चांगलं मला कोणी समजावलं नव्हतं.

दोघींनी मिळून ठरवलं: लोखंड नको, वीट हवी. जाड, मातीत बांधलेली, बाहेरून लिंपलेली. बांधकाम मधे न थांबवता. आणि बांधून होईपर्यंत तिच्या तोंडाशी ऊब कमी पडता कामा नये. यंत्रं आहेत. करू.

मी भिमीच्या पायाशी बसले. तिने विचारलं, ताई, तुमची पतंग उडाली का? मला रडू आलं. तिच्यासमोर नाही रडले.

२१ डिसेंबर, शुक्रवार.

दळवी साहेबांना फोनवर सगळं सांगितलं. बाई आजारी आहे, बोगदा काढतेय, तोंड बुजवतेय, एसी चालू करते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की सव्वीसला पाहुणे आहेत, तोपर्यंत एकही खिळा हलवायचा नाही. आणि पंचवीसला नाताळची सुट्टी आहे, सकाळी अकरा वाजता मुंबईत बसूनच सगळी यंत्रं बंद करणार आहेत, आतल्या प्रोग्रॅमच्या साफसफाईसाठी, दिवसभर.

चाळीसच्या चाळीस. दिवसभर. शून्य ऊब.

मी सांगितलं, बंद करू नका, माणूस मरेल. ते म्हणाले, रजेवर जा. उद्यापासून यायचं नाही. नवा माणूस पाठवतो.

मी रजेवर जाणार नाही.

२३ डिसेंबर, रविवार.

भिमी ३२.७. बोलते पण अडखळत. यंत्रांना खोटी कामं लावली आहेत, उगाच आकडेमोड, म्हणजे तापत राहतील. दुपारी ३३.५ वर आली. तेवढंच.

कमळू धसईच्या भट्टीवरून तीनशे विटा आणतोय. वाडीचे सगळे येणार आहेत. उद्या नाही जमत, माती भिजवून मुरवायला हवी, आणि उद्या नवा माणूस तपासायला येणार असा निरोप आहे. आला तर आला. गेटवर अजून कमळूच आहे, नोकरी सोडलेली नाही त्याने.

मला भीती वाटते का? वाटते. पण त्याहून राग जास्त येतो. ही फुंकणी कोण लागून गेली? जिने माझ्याकडे मोजे मागितलेसुद्धा नव्हते त्या भिमीच्या अंगातून —

मोजायला लाग, संघरत्ना.

२४ डिसेंबर, सोमवार.

नवा माणूस आला नाही. बोगद्यापाशी थर्मामीटर काखेत लावून आकडा पाहिला. माझा. ३५.१.

बरं. म्हणजे मीही तिच्या पानात आहे.

२५ डिसेंबर, मंगळवार.

सकाळी साडेआठ. छतातल्या धूर ओळखणार्‍या यंत्रांच्या तारा मीच तोडल्या. वायूची टाकी बंद केली. नोकरी गेलीच आहे, आता पोलीसही येतील. येऊ देत.

बायका निखारे घेऊन आल्या आहेत. भिमीला बाजेवर आणलंय, वाडीत एकटी कोण ठेवणार. वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवली आहे, कमळू तिच्या काखेत थर्मामीटर धरून बसला आहे. सकुबाईंना मी वाकून नमस्कार केला. फुंकणीला नाही.

साडेनऊ. बोगदा कापून काढला. उघडं तोंड. ओढ एवढी की पदर आत जातात. निखारे ठेवले. खापरी खाली टेकायच्या आत काळे. एकामागून एक. बारा खापर्‍या, चार मिनिटं.

पहिला थर बसला. यंत्रं पूर्ण जोरात. भिमी ३३.८.

दहा दहा. तीन थर. मी आणि दोघी बांधतोय, बाकीच्या विटा देतायत. भोक लहान होतंय तशी ओढ वाढतेय. नळाचं तोंड अंगठ्याने दाबलं की पाणी जोरात येतं, तसं. हे मला आधी कळायला हवं होतं.

दहा चाळीस. भिमी ३२.९. उतरतेय.

दहा छप्पन्न. मुंबईला फोन लावला. उचलला नाही.

अकरा. सगळे दिवे एका रांगेत विझत गेले. चाळीस कपाटांतले पंखे थांबले. इथली बटणं दाबून पाहिली, एकही यंत्र उठेना. इतकी शांतता इथे मी कधी ऐकली नव्हती. त्या शांततेत तिची ओढ ऐकू आली. श्वास नाही तो. श्वास परत सोडतात.

कमळू केबिनमधून ओरडला, ३१.८.

अकरा पाच. निखारे संपले. जनरेटरवर हॅलोजन लावला, काच तडकून गार झाली. भिंत अजून बसलेल्या माणसाच्या छातीएवढीच. थांबलो तर भिमी जाते, बांधलं तर ओढ वाढते. तोंडाशी ऊब हवी. जिवंत, सरणार नाही लगेच अशी.

माझ्याकडे एकच आहे.

अकरा बारा. मी भिंतीच्या आत बसले आहे. पाठ डोंगराकडे, तोंड बायकांकडे. त्या बांधायला तयार नव्हत्या. मी सांगितलं की वरची फट माणूस निघेल एवढी ठेवायची, भिमी छत्तीसला आली की मी त्यातून बाहेर येते. लोड सांभाळायचं म्हणजे हेच, माझं कामच आहे. सकुबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि वीट उचलली. खांद्यावरचं कांबळं काढून मला दिलं.

वही आणली आहे. मोजलेलं लिहायला.

अकरा वीस. मी ३४.०. भिमी ३२.४. चढतेय! लागू पडलं. बघ गं, लागू पडलं.

अकरा अठ्ठावीस. मी ३२.६. भिमी ३३.५.

भिंत खांद्याला. पाठीला वारा लागत नाही. पाठच लागत नाही.

अकरा पस्तीस. बॉलपेन चालेना, सुताराची पेन्सिल. मी ३१ — भिमी ३४.४. तिने पाणी मागितलं म्हणतायत.

आतून हाक वगैरे काही नाही. चेहरा नाही. मला वाटलं होतं काही तरी असेल, ज्याच्याकडे बघून बोलता येईल. नुसता उतार. सगळं खाली सांडतं तसा. तरी मी बोलतेय तिच्याशी. घे म्हणतेय. घेऊन घेऊन किती घेशील. दार लागतंय तुझं. मी आत असले काय, बाहेर असले काय, दार लागतंय —

अकरा चव्वेचाळीस. भिमी ३५.२. सकुबाई म्हणतात ये आता. फटीतून हात घातलाय त्यांनी. धरला. केवढा ऊन हात.

सोडला. छत्तीस म्हटलं होतं.

माझा थर्मामीटर — काखेत आहे का नाही कळेना. दिसला. २९ —

भिमीचा आवाज. स्वतः ओरडतेय, ताई भाईर या. उठून बसली ती. बसली उठून.

३५.७. ऐकू आलं. अजून तीन पॉइंट. मग येते.

पाय कुठे

एकच फट. दोन विटांची. मी एवढी ठेवायला नव्हतं — नाही, मीच सांगितलं मघाशी. बांधा म्हटलं. मीच. आठवलं. बरोबर केलं

३५.९

वही देते फटीतून बाहेर. वाकडं अक्षर. कमळूने भिमीला वाचून दाखवावं, आणि तिला म्हणावं की मी मुळीच